बाद मते

हिनोसावाच्या नगरकचेरीत एकतीस वर्षं
मी मतं मोजली.
पेन्सिलींना टोकं काढणं हेही माझ्याकडेच.
आमच्यात शिक्का नसतो, चिन्ह नसतं;
कोरा कागद,
आणि माणसानं आपल्या हातानं
माणसाचं नाव लिहायचं.

पहिली निवडणूक सत्तेचाळीसची.
मी तेव्हा आईच्या पाठीला बांधलेला.
शाळेच्या वयात ती दुसऱ्यांची पोरं सांभाळत होती,
म्हणून महिनाभर चुलीच्या राखेत
काडीनं एकच नाव गिरवलं तिनं:
कु-सा-का.
लाकूडतोड्यांचा कुसाका, एका कानानं बहिरा,
पण बहिऱ्या बाजूनं बोललेलंही
त्याला कळतं म्हणायचे.
स्वतःचं नाव तिला तोवर येत नव्हतं.
नंतरही फारसं लागलं नाही.

सदुसष्टला ओगाता आणि मिकामो,
दोघांना सारखी मतं.
कायद्यानं चिठ्ठ्या टाकल्या.
ओगाताच्या हाताला बरी चिठ्ठी लागली, एवढंच;
तीन वर्षांनी धरणाचा ठराव
एका मतानं मंजूर.
सुगिताइरा वाडी पाण्याखाली आहे.
पाऊस ओढ देतो त्या वर्षी
शाळेच्या पायऱ्या दिसतात, वरच्या चार.

त्र्याऐंशीला दोन मोनिवा उभे राहिले.
चुलतभाऊ. विहिरीवरून बारा वर्षं अबोला.
नुसतं ‘मोनिवा’ लिहिलेली तीस मतं निघाली.
ती कोणाची?
कायदा म्हणतो, प्रमाणात वाटा.
रात्री दोनपर्यंत आम्ही माणसं वाटत होतो.
थोरल्याला २०४.१०३.
धाकट्याला १५३.८९६,
आणि शेवटच्या जागेवरच्याला १५४.
सकाळी धाकटा कचेरीत आला, टोपी हातात.
म्हणाला, एक दशांश मतदार म्हणजे
नेमकं काय हो? कान, की करंगळी?
मी चहा पुढे केला.
त्यानं घेतला नाही.

नावाखाली एक शब्द जास्त लिहिला की मत बाद.
‘पुलाचं तेवढं बघा.’
‘आमच्या वळणावर दिवा नाही.’
‘तुमच्या आईचं तांदळाचं देणं राहिलंय, विसरलो नाही.’
ही सगळी मी बाद केली.
नगर कसं चाललंय हे कोणाला पाहायचं असेल
तर निवडून आलेल्यांची यादी बघू नये,
बादचा गठ्ठा बघावा.
पण तो मुदत संपली की जाळतात.
जाळायलाही मीच जायचो.

कुसाका एकाहत्तरला वारला.
पंच्याहत्तरला, माझ्या पहिल्याच मोजणीत,
त्याच्या नावाचा एक कागद निघाला.
शेवटच्या ‘का’ची शेपटी
खाली यायची ती वर गेलेली,
राखेत काडी उचलताना जाते तशी.
सगळे हसले. कोणी म्हणालं, भुताला उभं करा.
मी शिक्का उचलला.
बाद.
एकोणऐंशीला बाद. त्र्याऐंशीला,
त्या दशांशांच्या रात्री, बाद.
सात निवडणुका.
घरी आल्यावर ती विचारायची,
झालं का सगळं नीट?
झालं, म्हणायचो.
गुप्त मतदान आहे. मी काही बोललो नाही.

दोन हजार तीन: दहा जागा, दहा उमेदवार.
मतदानच नाही.
फलकावर दहा चेहरे, सगळे साठीच्या पुढचे,
एकानं तर लग्नातला फोटो कापून लावलेला.
दोनशे पेन्सिली मी आधीच तासून ठेवल्या होत्या.
शेजारच्या शहरात आम्हाला मिसळायची बोलणी
तेव्हाच चालू झाली होती.

आई एकोणऐंशीची. मी सांगितलं होतं तिला, दोनदा.
तरी रविवारी चांगला कोट घालून
शाळेपर्यंत चालत गेली,
कुलूप बघून परत आली,
बूट न काढता उंबऱ्यावर बसली.
मी एक पेन्सिल दिली.
कॅलेंडरच्या पाठीवर, मला दिसू नये म्हणून
कोपर आडवं धरून तिनं लिहिलं,
दोन घड्या घातल्या,
आणि पेटी कुठाय म्हणून
इकडेतिकडे पाहू लागली.

मी शर्टाचा खिसा
बोटानं उघडून धरला.